अकरावीला गणित सोडायचं की बायोलॉजी? सातारा-सांगलीच्या पोरांनी विषय ठरवण्याआधी हे बघून घ्या

दुपारी एकला दहावीचा निकाल लागतो, दोनला पेढे येतात आणि संध्याकाळपर्यंत घरात येणारा प्रत्येक पाव्हणा एकच प्रश्न विचारतो, "मग, काय घेणार पुढं?"

आपल्याकडं याचं उत्तर टक्क्यांवर ठरतं. नव्वदच्या पुढं असेल तर सायन्स, सत्तरच्या आसपास कॉमर्स आणि त्याखाली आर्ट्स. हा नियम नक्की कुणी काढला कुणास ठाऊक, पण वाईपासून जतपर्यंत सगळे तो इमानदारीत पाळतात.

पण घोळ शाखा निवडताना कमी होतो आणि विषय निवडताना जास्त. मित्रानं गणित सोडलं म्हणून आपणही सोडतो. दोन वर्षांनी एखाद्या परीक्षेचा फॉर्म भरायला बसलं की कळतं, पात्रतेच्या रकान्यात गणित मागितलंय. तेव्हा बारावीची मार्कशीट हातात आलेली असते.

म्हणून कोणत्या विषयानं कोणतं दार उघडतं आणि कोणतं बंद होतं, ते आपल्या दोन जिल्ह्यांपुरतं बघूया.

आधी प्रवेशाचं गणित

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. दहावीला सहा विषय असतात, पण टक्के निघतात त्यातल्या सगळ्यात चांगल्या पाच विषयांवर. सोशल मीडियावर जे ९५ टक्के दिसतात ते ५०० पैकी असतात, ६०० पैकी नाही. त्यामुळं मार्कशीट हातात आली की एकूण टक्क्यांआधी गणित आणि विज्ञान या दोन ओळी वाचा. अकरावी सायन्स झेपणार का, याचा अंदाज तिथं येतो.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. त्याआधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमानं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे एक नंबरला नाव टाकताना "बघू लागतंय का" असं चालत नाही.

यातली गोम अशी की ऑनलाइन फॉर्मवर तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता. विषय ठरतात कॉलेजात गेल्यावर. आणि सगळ्या कॉलेजात सगळे विषय नसतात. गावातल्या ज्युनिअर कॉलेजला भूगोल आहे का, कॉमर्सला गणित शिकवायला शिक्षक आहेत का, हे पसंतीक्रम टाकायच्या आधी जाऊन विचारायचं. यादी पोर्टलवर असते, शिक्षक आहेत का नाहीत ते गावातच कळतं.

सायन्समधला खरा सवाल

अकरावी सायन्सला सहा विषयांच्या जागा आहेत असं समजा. एक इंग्रजीची. फिजिक्स आणि केमिस्ट्री जवळपास सगळेच घेतात. मग गणित, बायोलॉजी आणि एखादी भाषा किंवा आयटी. गणित आणि बायो दोन्ही घेतलं तर पीसीएमबी. गणित ठेवून बायो सोडलं तर पीसीएम, उलटं केलं तर पीसीबी.

इथंच 'बायफोकल' येतं. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे हे व्यवसायाशी जोडलेले २०० मार्कांचे विषय. मार्क पडतात म्हणून त्याला गर्दी असते. पण बायफोकल दोन विषयांच्या जागा खातो. इंग्रजी आणि बायफोकल धरून तीन जागा गेल्या, उरल्या तीन. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायो यापैकी एकच बसतं. बायफोकल घेतानाच तुम्ही एक दार बंद करता, आणि प्रवेशाच्या रांगेत हे कुणी समजावून सांगत नाही.

आता दारं मोजू.

गणित सोडलं की इंजिनिअरिंग गेलं. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं वालचंद, इस्लामपूरजवळचं राजारामबापू इन्स्टिट्यूट, कुठंही बारावीनंतर डिग्रीला जायचं तर फिजिक्स आणि गणित लागतं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे आहेत. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून उरलेले १००. त्यामुळं "गणित घेतलंय पण कच्चं आहे" ही अवस्था गणित सोडण्याइतकीच महागात पडते.

बायो सोडलं की नीट गेली. आणि नीट म्हणजे फक्त एमबीबीएस नव्हे. मिरजेचं आणि साताऱ्याचं शासकीय मेडिकल कॉलेज सगळ्यांना माहिती असतं, पण बीएएमएस, फिजिओथेरपी, आणि शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातली जनावरांच्या डॉक्टरकीची डिग्री, या सगळ्यांचा रस्ताही नीटमधूनच जातो. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आहे, पण तिथंही फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी लागतं. ज्या मिरजेत १८९४ पासून मिशन हॉस्पिटल आहे आणि स्टेशनपासूनच दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात, तिथल्या पोरींना नर्सिंगचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दोन्हीकडून उघडणारी दारंही आहेत. बी. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित किंवा बायो, कुठलंही एक चालतं. बीएस्सी ॲग्रीला पीसीएम किंवा पीसीबी, दोन्ही गट चालतात. आपले दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हद्दीत येतात आणि कराडला शासकीय कृषी महाविद्यालय आहे. तासगावच्या द्राक्षवाल्याच्या पोरानं "मला शेतीचंच शिकायचंय, मग सायन्स कशाला" असं म्हणून आर्ट्स घेतलं, तर ॲग्रीची डिग्री हातातून जाते. हे होतं, आणि दरवर्षी होतं.

आमचं मत विचाराल तर, ज्याचं ठरलेलं नाही आणि ज्याला दहावीला गणित-विज्ञान दोन्ही झेपलंय, त्यानं बायफोकलच्या मार्कांपेक्षा पीसीएमबी घ्यावं. ओझं आहेच. पण ज्याचं डॉक्टर व्हायचं ठरलंय आणि गणिताला बघून पोटात गोळा येतो, त्यानं सगळी दारं उघडी ठेवायच्या नादात दोन वर्षं कुढत बसू नये.

भरतीला जायचंय? मग तर विषय बघाच

सातारा म्हटलं की सैन्य आलंच. अपशिंगे गावाच्या नावापुढं मिलिटरी लागतं आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. पण "भरतीला काय, पळायला आलं पाहिजे" या समजात बरीच पोरं विषयाकडं लक्षच देत नाहीत.

अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी लागते, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. इथं आपलं 'पाचपैकी चांगले' कामाला येत नाही, एक विषय घसरला तरी अडतं. अग्निवीर टेक्निकलला बारावी सायन्स, तेही फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजीसह, एकूण ५० टक्के. ठरावीक ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांनाही वाट आहे. क्लार्कच्या पदाला शाखा कुठलीही चालते, एकूण ६० टक्के लागतात, पण बारावीला इंग्रजी आणि त्यासोबत गणित किंवा अकाउंट्स-बुक कीपिंग असायला पाहिजे. म्हणजे कॉमर्सचा पोरगा बसतो आणि गणित न घेतलेला आर्ट्सचा पोरगा ६५ टक्के असूनही बसत नाही.

एनडीएचं अजून वेगळं. सैन्यदलासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. हे वाचून आर्ट्सवाले खूश होतात. पण लेखी परीक्षा ९०० मार्कांची आणि त्यात ३०० मार्कांचा अख्खा पेपर गणिताचा. फॉर्म भरता येतो, पेपर सोडवता येत नाही. २०२१ पासून मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येते, त्यामुळं हा हिशोब आता घरातल्या पोरीसाठीही करायचा.

आर्ट्स, कॉमर्सवाल्यांनो

राज्यसेवा, पीएसआय, यूपीएससीची नागरी सेवा यांना कुठलीही पदवी चालते. माण-खटावच्या पोरांना हे नव्यानं सांगायची गरज नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांनी बी.ए. केलं ते इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन, आणि पुढं देशाचं संरक्षण, गृह आणि अर्थ अशी तिन्ही खाती सांभाळली.

पण आर्ट्समध्येही विषय बघूनच घ्यायचे. वनरक्षकाच्या भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यातला किमान एक विषय लागतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पसरलाय. कोयनेच्या नाहीतर चांदोलीच्या काठच्या पोरानं, ज्याला जंगल पाठ आहे, फक्त सोपे म्हणून दुसरेच विषय घेतले तर त्याचा अर्ज छाननीत उडतो. स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीनंही भूगोल आणि अर्थशास्त्र वाया जात नाहीत.

कॉमर्सला निवड असते गणित किंवा एसपी यातली. एसपी सोपं म्हणून गर्दी तिकडं. सीए फाउंडेशन कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते, पण त्यात गणित, संख्याशास्त्र आणि लॉजिकल रीझनिंगचा एक पेपर आहे. अकरावी-बारावीला गणित असेल तर तो पेपर ओळखीचा वाटतो. बीबीए-बीसीएला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. बारावी झाल्यावर कॉलेजात जाऊन फी भरू म्हणणारे तिथं अडकतात.

अकरावी न करताही

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, कराड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनात. तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमाच्या मार्कांवर, सीईटी न देता. ज्याचं इंजिनिअरिंग पक्कं आहे आणि क्लासची फी परवडत नाही, त्याच्यासाठी ही वाट अकरावी सायन्सपेक्षा सरळ आहे. मात्र मेडिकलचं दार इथं बंद होतं.

दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे फिटर झालेला पोरगा पायरी पायरीनं इंजिनिअर होऊ शकतो. किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना असलेल्या जिल्ह्यात आयटीआयला 'नापासांचं कॉलेज' म्हणणारे लोक बघितले की नवल वाटतं.

विषय चुकलाच तर

अकरावीच्या सुरुवातीला जागा असेल तर कॉलेजकडं अर्ज करून विषय किंवा शाखा बदलता येते. चुकलंय असं पहिल्या महिन्यात वाटलं तर तेव्हाच वर्गशिक्षकांना गाठा, दिवाळीची वाट बघू नका. एकदा बारावीत गेलात की अकरावीचेच विषय पुढं चालतात.

बारावी झाल्यावर उपरती झाली तरी एक वाट आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला राहिलेला एखादाच विषय घेऊन बसता येतं. फॉर्मवर त्याला 'तुरळक विषय' म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी दिलेल्या मुलांनाही नीटला बसायची मुभा दिली. गणित सोडलेल्यांनी मात्र फॉर्म भरण्याआधी ज्या कोर्सला जायचंय त्याची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडावी, आणि वेगळ्या मार्कशीटवरचा विषय तिथं धरतात का ते बघून घ्यावं.