प्रवाळ, सुईदोरा आणि एक अनाम मोलकरीण

घरगुती सागरी मत्स्यालयाचा विषय निघाला की फिलिप हेन्री गॉस यांचे नाव प्रथम पुढे येते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली उघडले, गॉस यांचे ‘द अक्वेरियम’ १८५४ साली प्रसिद्ध झाले आणि दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवण्याचे वेड इंग्लंडभर पसरले. तथापि समुद्रापासून दूर, राहत्या घरात प्रवाळ जगवून दाखवण्याचा प्रयोग त्याआधीच झाला होता. तो करणाऱ्या अ‍ॅना थिन या वेस्टमिन्स्टरमधील एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी.

१८४६ च्या शरद ऋतूत डेव्हनमधील टॉर्की येथे असताना त्यांना किनाऱ्यावरच्या प्रवाळांचा मोह पडला. कपाटात मांडण्याचे सांगाडे त्यांना नको होते, प्रवाळ जिवंत हवे होते. प्रवासात पाणी हिंदकळणार, नाजूक जीव एकमेकांवर आपटणार. म्हणून त्यांनी सुईदोरा घेऊन ते एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला आणले. निसर्गविज्ञानाच्या इतिहासात शिवणकामाला इतके मानाचे स्थान अन्यत्र मिळाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

खरी अडचण लंडनमध्ये सुरू झाली. समुद्राचे ताजे पाणी वेळोवेळी मागवावे लागे आणि तो साठा संपत आला. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू तेच जीव संपवतात आणि त्यातच गुदमरतात. थिनबाईंनी तेच पाणी पुन्हा वापरण्याची युक्ती काढली: उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचे. युक्ती त्यांची, ओतण्याचे काम घरातल्या लहान मोलकरणीचे. हे काम थकवणारे खरे, पण तिला त्यात करमणूकच वाटे, अशा आशयाची नोंद बाईंनी पुढे केली.

साहित्याच्या अभ्यासकाने या वाक्यापाशी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. करमणूक वाटे, हे कोण सांगते आहे? भरलेले भांडे उचलून ओतणाऱ्या हातांनी ते लिहिलेले नाही. बाईंच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही, कारण श्रम थकवणारे होते हे त्यांनीच कबूल केले आहे. मात्र त्या कबुलीमागोमाग येणारा ‘पण’ आपल्याकडच्याही घरगुती आठवणींत वारंवार भेटतो.

१८४७ च्या वसंतात त्यांनी जिवंत समुद्रशैवाल चिकटलेले खडकांचे तुकडे मागवले. उजेडात शैवाल प्राणवायू सोडते आणि प्रवाळांचा श्वास चालतो. सागरी जीव आणि वनस्पती यांचा असा तोल राखण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले, वाढले. डेव्हनचे हे प्रवाळ थंड पाण्यातले, उजेडावाचून निभावणारे. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक खडकप्रवाळांच्या शरीरातच सूक्ष्म शैवाल नांदते; त्यांना प्रखर प्रकाश लागतो, सांगाड्यासाठी पाण्यात पुरेसा चुना लागतो, आणि ही विद्या घरोघरी पोहोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आजही एखादे प्रवाळ अंग आखडून बसले, बुडापासून त्याची कातडी सुटू लागली, की जाणता छांदिष्ट क्षारता आणि तापमान तपासतो, पाणी नीट खेळते आहे ना ते पाहतो. काहीच साधले नाही तर निरोगी फांदी कापून नव्या दगडावर गोंदाने चिकटवतो. सुईदोऱ्याची जागा गोंदाने घेतली, एवढेच. (आपल्याकडे मात्र हा छंद कायद्यात बसत नाही, २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.)

प्रवाळांच्या इतिहासात नाव गाळण्याचा आणखी एक प्रसंग आहे. प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे, असे पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात मांडले, तेव्हा रेओमुर यांनी ते मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लेखकाचे नाव न सांगता ठेवले. ते इतके विपरीत वाटत होते की नाव लपवणे हाच त्यांच्या दृष्टीने सौजन्याचा भाग होता. पुढे पेसोनेल यांना न्याय मिळाला.

थिनबाईंचा लेख १८५९ साली ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’मध्ये गॉस यांच्या टिपांसह छापून आला. त्यात प्रवाळांच्या वाढीचे तपशीलवार वर्णन आहे. खिडकीपाशी पाणी ओतणारी मुलगीही आहे, पण ‘मोलकरीण’ म्हणून.