आडरानातील धावेचा शालेय उगम

इंग्लंडमधील श्रूझबरी शाळेच्या धावपटू-संघास आजही ‘हंट’, म्हणजे शिकार, असेच नाव आहे. त्याच्या लेखी नोंदी १८३१ पासूनच्या. संघनायक ‘हंट्समन’, धावणारे ‘हाउंड’. कुत्रा म्हणवून घेणे तेथे भूषणाचे, हे आपल्या कानास विचित्र वाटेल. पुढील मुलांनी टाकलेल्या कागदी कपट्यांच्या मागावरून उरलेली टोळी कुंपणे, ओढे, नांगरटी ओलांडीत धावे. खऱ्या शिकारीस घोडे लागत. विद्यार्थ्यांजवळ केवळ पाय होते. मात्र तिच्या मानपानाची नक्कल त्यांनी बारकाईने केली. हा खेळ शिक्षकांनी लावलेला नव्हे, मुलांनीच चालविलेला होय, हे विसरता कामा नये. १८६८ मध्ये लंडनच्या वल्हेकऱ्यांनी हिवाळी व्यायामासाठी ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ काढला, तेव्हा त्यांनीही कागदी मागच पत्करला.