चित्रकथांचे दुकान

चित्रकथांच्या चांगल्या दुकानाचा इतिहास सांगायचा झाला, तर तो न खपलेल्या अंकांपासून सुरू करावा लागतो. आपल्याकडे 'इंद्रजाल'चे अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मिळत आणि जुने अंक रद्दीवाल्याकडे, हे अनेक श्रोत्यांना स्मरत असेल. अमेरिकेतही १९६०च्या दशकापर्यंत फारशी निराळी स्थिती नव्हती. औषधांच्या आणि गोळ्या-चॉकलेटच्या दुकानांत तारेच्या फिरत्या मांडणीवर हे अंक खोचलेले असत. कोणते अंक ठेवायचे हे दुकानदार ठरवीत नसे. ठोक विक्रेता गठ्ठा टाकून जाई. न खपलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावरील नावाची पट्टी फाडून परत केली की पैसे वळते होत. उरलेला अंक रद्दीत जाई. निदान जावा, अशी अपेक्षा असे! दहा सेंटांच्या अंकात दुकानदाराला मिळून मिळणार किती? म्हणून त्याला ना अंकांविषयी आस्था, ना वाचकाविषयी. क्रमशः चाललेल्या कथेचा पुढला भाग हाती येईलच, याची शाश्वती नसे.

१९६८ साली गॅरी आर्लिंग्टन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केवळ चित्रकथांना वाहिलेले दुकान उघडले. अशा आरंभीच्या दुकानांत त्याची गणना होते. परंतु या धंद्याला खरा पाया घातला तो ब्रुकलिनमधील इंग्रजीचे शिक्षक फिल स्यूलिंग यांनी. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी प्रकाशकांपुढे एक साधी योजना मांडली: आम्हांस अधिक सूट द्या, आम्ही एकही प्रत परत करणार नाही. प्रकाशकाची चिंता मिटली आणि तोट्याचे ओझे दुकानदाराच्या शिरावर आले.

या ओझ्यानेच त्याला शहाणे केले असे मला वाटते. अंक निघण्यापूर्वी महिना-दोन महिने मागणी नोंदवायची, तीही चार ओळींच्या माहितीवर. मग आपला गिऱ्हाईक कोण, त्याला काय रुचते, हे ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नव्हते. नियमित वाचकाच्या नावाचा स्वतंत्र खण आला. त्याचे अंक त्यात राखून ठेवले जाऊ लागले. उरलेल्या प्रती पारदर्शक पिशव्यांत घालून, क्रमवार लावून लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवल्या जात. वर्षांनी कोणी हुकलेला अंक शोधीत येई आणि कालचा तोटा आजचे भांडवल ठरे.

दुर्दैवाने हे गणित गिऱ्हाइकांनाही कळले. जुना अंक महाग विकला जातो, तर आज दहा प्रती का घेऊ नयेत? १९९१ साली 'एक्स-मेन'चा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि सुमारे ८० लाख प्रती दुकानांत गेल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला. कित्येकांनी ती पिशवी उघडलीच नाही. ज्याच्या लक्षावधी प्रती जपून ठेवल्या आहेत, त्याला दुर्मिळ कोण म्हणणार? सट्टा ओसरला, परतीची सोय नव्हतीच, आणि पुढील काही वर्षांत हजारो दुकानांना टाळे लागले.

बर्कलेतील रोरी रूट यांचे 'कॉमिक रिलीफ' १९८७ साली सुरू झालेले. संग्राहकापेक्षा वाचकाकडे लक्ष देणारे म्हणून ते नावाजले गेले. तेथे पुस्तकरूपाने निघालेल्या चित्रकथांना मानाचे स्थान होते. मुखवटेधारी वीरांशी काडीचाही परिचय नसलेला माणूस आत शिरला, तरी त्याच्या हाती देण्याजोगे एखादे पुस्तक तेथे असे. रूट २००८ साली वारले आणि २०११ साली ते दुकान बंद झाले.

१९९७ नंतर या दुकानांना माल पुरविण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी 'डायमंड' या एकाच कंपनीकडे एकवटले होते. जानेवारी २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रकाशक नव्या वितरकांकडे वळले. दुकानदाराला मात्र आता एकाऐवजी तीन-चार ठिकाणी मागणीपत्रे भरावी लागतात.