तोंडली, तिंडोरा आणि मोगो

भाजी हातात घेण्याआधी तिच्यावरची पाटी वाचायची मला खोड आहे. लंडनच्या वायव्य भागात राहायला आल्यापासून ती वाढलीच. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर दुकानांपुढे फुटपाथवर खोकी मांडलेली असतात. तोंडल्यांच्या खोक्यावर ‘तिंडोरा’, दोडक्यावर ‘तुरिया’, घोसाळ्यावर ‘गलका’, वालपापडीवर ‘वालोर’, अळूच्या पानांवर ‘पात्रा’. आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्यावर ‘मोगो’.

लिपी इंग्रजी, शब्द गुजराती. कारण विचाराल तर कुणीही सांगेल, दुकानं त्यांची म्हणून शब्द त्यांचे. बरोबर आहे, पण मोगोचं काय? तो शब्द गुजराती नाहीच मुळी. स्वाहिलीतल्या ‘मुहोगो’चा तो बदललेला अवतार. आफ्रिकेतला शब्द इथे गुजराती दुकानात कसा आला, हे शोधत गेलं की आपल्या रोजच्या पिशवीतल्या भाजीचा इतिहास हाती लागतो. आणि तो काही फार गोड नाही.

आधी जरा मागे जाऊ. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. पूर्व लंडनमधलं ‘ताज स्टोअर्स’ १९३६चं, सिल्हेटहून आलेल्या एका खलाशाने काढलेलं. म्हणजे आपली माणसं इथे तेव्हापासून आहेत. पण डाळ, तांदूळ, हळद, मसाले बोटीने येऊ शकतात. कोथिंबिरीची जुडी नाही. आठवड्यांच्या प्रवासात पालेभाजीचं काय होणार ते सांगायला नको. ताजी भाजी यायची तर विमान हवं, आणि विमानाचं भाडं परवडायला रोज विकत घेणारी पुष्कळ घरं हवीत.

भेंडी आणि अळकुड्यांसारख्या भाज्या इथल्या बाजारात आणण्यात एक हात वेस्ट इंडीजच्या लोकांचा. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये आले आणि ब्रिक्स्टनसारख्या बाजारांत त्यांच्या भाज्या दिसू लागल्या. यातली एक गंमत सांगते. जमैकाचा माणूस ‘कॅललू’ म्हणतो ती आपल्या माठाच्या कुळातली पालेभाजी. त्रिनिदादचा माणूस ‘कॅललू’ करतो तो मुख्यतः अळूच्या पानांचा! नाव एक, भाज्या दोन, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या.

आता मोगोकडे. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेले. गुजराती व्यापाऱ्यांची पूर्व आफ्रिकेत ये-जा त्याआधीपासून होती. रेल्वे झाल्यावर त्यांची दुकानं आत आतपर्यंत पोचली. दोन-तीन पिढ्या तिथे गेल्या. स्वयंपाकघरात मोगो आला, तळून तिखट-मीठ-लिंबू लावून खायची सवय लागली.

मग देश स्वतंत्र झाले आणि ही माणसं मधल्या मध्ये सापडली. केनियात १९६७ साली परदेशी नागरिकांच्या नोकरी-व्यापारावर बंधनं आली. ब्रिटिश पासपोर्ट असलेली कुटुंबं लंडनची विमानं धरू लागली, तर मार्च १९६८ मध्ये ब्रिटनने घाईघाईने कायदा करून दारच अरुंद केलं. ४ ऑगस्ट १९७२ला युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० माणसं ब्रिटनमध्ये आली, बहुतेकांनी घरदार, दुकान, बँकेतला पैसा मागे ठेवून. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की कृपा करून आमच्या शहरात येऊ नका. हजारो लोक तिथेच गेले! बेलग्रेव्ह रोडवरची ओस पडलेली, स्वस्त भाड्याची दुकानं त्यांनी घेतली. आज त्याच रस्त्याला ‘गोल्डन माइल’ म्हणतात.

रोज विकत घेणारी पुष्कळ घरं ती ही. आणि विमानांची सोयही झाली होती. नैरोबीहून लंडनला येणाऱ्या प्रवासी विमानांच्या पोटात रिकामी जागा असे. त्यातून केनियातली कारली, भेंडी, दुधी, मिरच्या येऊ लागल्या. आजही खोक्यावर ‘केनिया’ छापलेलं दिसतं ते त्या जुन्या वाटेमुळे.

आमच्या नेहमीच्या दुकानातल्या काकी कंपालाच्या. आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. एकदा गल्ल्याशी त्या सहज बोलून गेल्या, “बेन, इथे आल्यावर बाने पहिल्यांदा मोगो तळला तेव्हा सगळे गप्प बसून खात होते.” पुढे काही बोलल्या नाहीत, सुट्टे मोजून दिले.

ही वाट नाजूकही आहे. भारतातून आलेल्या मालात २०१३ साली कीड सापडलेल्या खेपा निघाल्या २०७. मग १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह सगळे भारतीय आंबे आणि चार भाज्या बंद केल्या. ब्रिटन तेव्हा संघात होता, आणि इथल्या काचघरांतल्या टोमॅटो-काकड्यांची काळजी सरकारला होती. चार भाज्या कोणत्या? वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. जणू आमच्या आजीच्या आठवड्याच्या बेताची यादीच! लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ (मूळ गोव्याचे) यांनी आवाज उठवला. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली, भाज्यांवरची त्याहून जास्त टिकली. साहजिकच आहे. आंब्यासाठी भांडायला सगळे तयार, पडवळासाठी कोण भांडणार?

आता मूळ मुद्दा. आमच्या पिढीची मराठी माणसं इथे आली ती नोकरीचं पत्र खिशात घेऊन. आम्हाला कढीपत्ता हवा होता, तो समोर होता. चतुर्थीला अळूची पानं हवी होती, ती होती. आम्ही फक्त भाव जास्त आहे म्हणून कुरकुरलो. ही मंडई आमच्यासाठी भरलेली नव्हती. ज्यांना दोनदा घर मांडावं लागलं त्यांनी ती स्वतःच्या भुकेसाठी भरवली, आम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या.

आमची धाकटी तोंडल्यांना ‘तिंडोरा’ म्हणते. मला ते टोचायचं. आपला शब्द चालला असं वाटायचं. हल्ली मी घरात तोंडलीच म्हणते, आग्रहाने म्हणते, पण तिचा तिंडोराही खोडत नाही. त्या शब्दामागे कंपाला आहे, लेस्टर आहे, आणि गप्प बसून मोगो खाणारं एक कुटुंब आहे. दोन्ही नावं तिला माहीत असावीत, आणि दुसरं नाव आपल्या घरात कुठून आलं हेही. तेवढं सांगायचं काम आपलं.