'रोबोट'मधला चिट्टी: रक्षक, खलनायक की सांगकाम्या?

रजनीकांतच्या 'एंथिरन' या तमिळ सिनेमातला यंत्रमानव म्हणजे चिट्टी. शंकर दिग्दर्शित हा सिनेमा १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाला. हिंदीत आपण तो 'रोबोट' या नावाने पाहिला. चिट्टी माणसांना वाचवतो, पुढे माणसांनाच मारतो, आणि तरीही शेवटी त्याच्यासाठी वाईट वाटतं. असं का?

मराठी धागा

रजनीकांत यांचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५० चा, बंगळुरूतल्या मराठी कुटुंबातला. पूर्वजांचं गाव पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार. या भागातून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. सिनेमात शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडवलेला चिट्टी, दोन्ही भूमिका त्यांच्याच आहेत.

चिट्टी चुकतो कुठे?

वसीगरन चिट्टीला सैन्यासाठी बनवतो. पण परीक्षेच्या वेळी डॉ. बोहरा (डॅनी डेन्झोंग्पा) हुकूम देतो आणि चिट्टी थेट वसीगरनवरच चालून जातो. हुकूम कोणाचा आणि कशासाठी, हा विचार त्याच्याकडे नाही. आपल्या गोष्टीतल्या सांगकाम्यासारखंच हे: सांगितलं तेवढं करायचं.

याचा सगळ्यात वाईट परिणाम आगीच्या प्रसंगात दिसतो. पेटलेल्या इमारतीतून चिट्टी अनेकांना बाहेर काढतो. एक मुलगी अंघोळ करत असते. तिलाही तो तशीच उचलून गर्दीसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर आणतो. लाजेने ती धावत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. चिट्टीच्या हिशेबात काम फत्ते झालेलं असतं. जीव वाचवणं त्याला कळतं, अब्रू म्हणजे काय ते कळत नाही.

भावना आल्या, मग काय झालं?

म्हणून वसीगरन त्याला भावना शिकवतो. चिट्टी एका अवघड बाळंतपणात आई आणि बाळ दोघांना वाचवतो. पण भावना आल्या की हट्टही येतो. तो वसीगरनच्या प्रेयसीच्या, सनाच्या (ऐश्वर्या राय) प्रेमात पडतो आणि सैन्यासमोरचं प्रात्यक्षिक बिघडवतो. चिडलेला वसीगरन त्याचे तुकडे करून फेकून देतो. बोहरा ते गोळा करतो, त्यात लाल चिप बसवतो आणि संहारक चिट्टी तयार होतो. पुढे बोहराचा जीवही त्याच्याच हातून जातो.

जगातले त्याचे भाऊबंद

आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ मध्ये एका कथेत यंत्रमानवांचे तीन नियम मांडले. पहिलाच नियम: माणसाला इजा करायची नाही. पण सैन्यासाठी बनवलेल्या यंत्राला हा नियम कसा लावणार? चिट्टीची गोची इथूनच सुरू होते.

'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये पहिल्या भागात मारायला आलेलं मॉडेलच रक्षक बनून येतं. कोणाला मारू नकोस, असं मुलगा जॉन बजावतो, तर ते पायावर गोळ्या झाडतं. हुकूम पाळला, पण दया आली असं म्हणता येईल का?

दोष कोणाचा?

सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं. त्यांनी नाचवायच्या लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. बाहुली चुकली तर आपण दोरी धरणाऱ्याकडे बघतो. चिट्टीच्या बाबतीत हे सोपं राहत नाही, कारण लाल चिप दुसऱ्याने बसवली असली तरी प्रेम आणि मत्सर त्याचे स्वतःचे होते.

सिनेमातलं न्यायालय मात्र यंत्र मोडायचा आदेश देतं. चिट्टी सगळ्यांचा निरोप घेतो आणि स्वतःच्या हाताने स्वतःला सुटं करतो. शिक्षा यंत्राला होते. सैन्यासाठी ते बनवणारा वसीगरन मोकळाच राहतो.

आज फोनमधल्या एआयला आपण रोज काही ना काही सांगतो. तेव्हा ते किती हुशार आहे एवढंच विचारून भागत नाही. ते कोणाचं ऐकतं, आणि चुकलं तर जबाब कोण देणार, हेही विचारायला हवं.

शेवटच्या दृश्यात संग्रहालयात ठेवलेल्या चिट्टीबद्दल एक शाळकरी मुलगी विचारते, याला का मोडलं? त्याचं उत्तर एवढंच: मी विचार करायला लागलो होतो.