सागरी तेलक्षेत्र नियमन : मुंबई हाय

समुद्रातून खनिज तेल व वायू काढणाऱ्या कंपन्यांवर सरकारने ठेवायची सुरक्षाविषयक देखरेख. परवानगी, तपासणी आणि वेळप्रसंगी काम थांबवण्याचा अधिकार हे तिचे मुख्य भाग. विकसनशील देशांत तेल आधी लागते, देखरेख मागाहून उभी राहते. मधल्या काळाची किंमत समुद्रातील तेलफलाटांवरचे कामगार मोजतात. भारतातले याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी. अंतरावरील मुंबई हाय. या परिसरातला वायू उरण व हजिरा येथे किनाऱ्याला लागतो.

तेल काढण्याची विद्या भारताने झपाट्याने आत्मसात केली. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात येथील भूरचना हाती लागली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फिरत्या रिगने फेब्रुवारी १९७४मध्ये तेल शोधले आणि मे १९७६मध्ये उत्पादन सुरू झाले. देखरेखीचे काम मात्र रेंगाळले. १९८२मध्ये ‘सागर विकास’ रिगवर विहिरीतून वायूचा उद्रेक झाला. १९८६मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाखाली तेल उद्योग सुरक्षा संचालनालय (ओआयएसडी) स्थापन झाले. संचालनालय मानके लिही, तपासणी करी, शिफारशी पाठवी. पण कंपनीने त्या मानल्या नाहीत तर सागरी फलाटावरचे काम बंद पाडण्याचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे नव्हता.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या प्रलयंकारी पावसाने मुंबई ठप्प झाली होती. ‘समुद्र सुरक्षा’ या मदतनौकेवरील स्वयंपाक्याच्या बोटांना गंभीर इजा झाली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून जखमीला क्रेनने ‘मुंबई हाय नॉर्थ’ फलाटावर चढवायचे ठरले. खवळलेल्या समुद्रात नौका फलाटाला खेटली आणि फलाट आणि समुद्रतळ यांदरम्यान वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर, रायझरवर, आदळली. या नळ्यांना अशा धडकेपासून पुरेसे संरक्षण नव्हते. वायूने पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत अख्खा फलाट कोसळला. २२ जण दगावले. ३६२ जणांना वाचवण्यात आले. नौका फलाटाच्या कोणत्या बाजूने आणि कशा हवेत लावायची, रायझर कुठे बसवायचे हे निर्णय कंपनीबाहेरच्या जाणकाराने आधीच तपासायचे असतात. नियमनाची क्षमता म्हणतात ती हीच.

तीन वर्षांनी, २००८मध्ये, सागरी कामांतील सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले आणि ओआयएसडीला सक्षम प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. यापुढे काम सुरू करण्याआधी संमती घेणे बंधनकारक झाले.

अधिकार मिळाला तरी स्वायत्ततेचा प्रश्न उरतोच. ब्रिटनमध्ये १९८८च्या ‘पायपर अल्फा’ तेलफलाटाच्या दुर्घटनेत १६७ जण मेले. त्यानंतर सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा यंत्रणेला दिले गेले. नॉर्वेने २००४मध्ये, तर अमेरिकेने ‘डीपवॉटर होरायझन’ रिगच्या दुर्घटनेनंतर २०११मध्ये सुरक्षेसाठी वेगळी संस्था काढली. भारतात मुंबई हाय चालवणारी ओएनजीसी ही सरकारी कंपनी आणि ओआयएसडी आजही एकाच मंत्रालयाखाली आहेत. संचालनालयाचे बरेच अधिकारी तेल कंपन्यांतून प्रतिनियुक्तीवर येतात. त्यांना फलाटाची खडान्‌खडा माहिती असते, ही मोठी जमेची बाजू. पण ज्या कंपनीत परत रुजू व्हायचे तिचेच काम थांबवण्याची वेळ माणसावर येऊ नये. नियामकाची स्वतःची कायम नोकरभरती आणि स्वतःचे प्रशिक्षण याला पर्याय नाही.

बाहेरची मदत इथेच उपयोगी पडते. नॉर्वेने २००५मध्ये ‘विकासासाठी तेल’ हा कार्यक्रम सुरू केला. घाना, मोझांबिक, युगांडा अशा देशांतील सरकारी अधिकाऱ्यांना नॉर्वेच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच कायदा, पर्यावरण आणि सुरक्षेचे धडे दिले. घानात ज्युबिली क्षेत्रातून डिसेंबर २०१०मध्ये तेल निघाले आणि पेट्रोलियम आयोग या नियामकाचा कायदा २०११मध्ये झाला. मुंबई हायच्या तुलनेत तेल आणि देखरेख यांतले हे अंतर फारच थोडे.

मुंबई हायवर मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने नवी त्रुटी दाखवली. हवामान खात्याचा इशारा आधीच मिळालेला असताना कामगारांच्या निवासाची पी-३०५ बार्ज क्षेत्रातच थांबली. नांगर तुटून ती भरकटली आणि बुडाली. त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ टगवरचे धरून ऐंशीहून अधिक जण गेले. बार्ज कंत्राटदाराची, काम ओएनजीसीचे, जहाजांचे नियम नौवहन महासंचालनालयाचे आणि तेलक्षेत्राची सुरक्षा ओआयएसडीची. इशारा येताच बार्ज बंदरात हलवण्याचा हुकूम देणारा अधिकारी नेमका कोण, हे नियमांत एका ओळीत लिहिलेले असायला हवे.