सिंगल-प्लेयर गेम निवडताय? ग्राफिक्सच्या आधी 'सेव्ह' बघा

फोनवर बीजीएमआय, फ्री फायर खेळणाऱ्यांच्या हातात पहिला लॅपटॉप आला की प्रश्न पडतो : आता कोणता गेम घ्यायचा? मी पालघरचा, सॉफ्टवेअर इंजिनीअर. बोईसर-तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारे मित्र मला हेच विचारतात. माझा उलटा प्रश्न एकच : सलग किती वेळ मिळतो?

सिंगल-प्लेयर गेममध्ये समोर दुसरा खेळाडू नसतो. त्यामुळे पिंगची चिंता नाही आणि मध्येच थांबता येतं. स्टीमवर घेतलेले असे बरेच गेम नेट असताना एकदा सुरू केले की पुढे ऑफलाइन मोडमध्ये चालतात. पण थांबल्यावर कुठून पुढे सुरू होईल, हे प्रत्येक गेमच्या सेव्ह पद्धतीवर ठरतं.

प्रकार आणि त्यांचा हिशोब

- ॲक्शन-ॲडव्हेंचर : 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०). पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलाय. राजी नावाची मुलगी भावाला शोधायला निघते. साधारण पाच-सहा तासांत संपतो. सेव्ह चेकपॉइंटला होतं, म्हणून पुढचा टप्पा येईपर्यंत उठू नका.
- पझल : 'पोर्टल २' (२०११). एकेक खोली सोडवायची, हवं तेव्हा सेव्ह करायचं. अर्धा तास मिळाला तरी पुरतो.
- आरपीजी : 'द विचर ३' (२०१५). मुख्य कथेलाच साधारण ५० तास, डिस्कवर जागाही ५० जीबीच्या आसपास. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही. तीन आठवडे गॅप पडला तर कथा आणि बटणं दोन्ही विसरायला होतात.
- स्ट्रॅटेजी : 'सिव्हिलायझेशन ६' (२०१६). आपली चाल झाली की कॉम्प्युटरची, बुद्धिबळासारखं. घाई नाही आणि ऑटोसेव्ह होत राहतं. धोका एकच : 'अजून एक चाल' करता करता पहाट होते आणि सकाळी फर्स्ट शिफ्ट असते.
- फार्मिंग सिम्युलेशन : 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६). एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, साध्या लॅपटॉपवरही चालतो. कॉम्प्युटरवर मात्र पात्र झोपल्यावरच सेव्ह होतं. गेममधला एक दिवस म्हणजे साधारण १४ मिनिटं. पावसाळ्यात लाईट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर त्या दिवसाची शेती गेली. हा गेम फोनवरही मिळतो.

मग कोणी काय घ्यावं?

शिफ्ट बदलत असेल, तर पझल किंवा स्ट्रॅटेजी. सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळत असेल, तर 'राजी'सारखा छोटा गेम. तो पूर्ण होतो, अर्धवट पडत नाही. परीक्षा संपून महिनाभर मोकळा असेल, तेव्हाच आरपीजी. रोज बोईसरहून लोकलने अंधेरी-चर्चगेट करणाऱ्यांनी स्टारड्यू फोनवरच घ्यावा.

पैसे देण्याआधी

१. स्टोअर पेजवर किमान रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बघा, आपल्या लॅपटॉपशी ताडून घ्या.
२. गेमच्या नावापुढे 'सेव्ह सिस्टीम' लिहून सर्च करा.
३. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर रिफंड मागता येतो. म्हणून पहिल्याच दिवशी तासभर खेळून बघा : लॅपटॉप किती तापतो, गेम अडकतो का आणि सेव्ह कुठे होतं. नाही जमलं, तर लगेच परत करा.